गाण्यातला 'मी'

आई भांडून गेली असती तर मुंगीला सोपं गेलं असतं. भांडणाला उत्तर देता येतं. पण आईने सकाळी उठून दूध तापवलं, दोरीवरचे कपडे काढून घड्या घातल्या, छोट्या बॅगेत स्वतःचे चार कपडे आणि रक्तदाबाच्या गोळ्या टाकल्या आणि चपला घालता घालता म्हणाली, "मी वन्संकडे जाते. थोडे दिवस राहीन म्हणते."

मुंगी कामावर निघायच्या गडबडीत होती. "बरं," म्हणाली. आईची पावलं जिन्यावरून खाली गेली, फाटक वाजलं, आणि तेव्हा कुठे तिच्या डोक्यात प्रकाश पडला. आईने कालचा कार्यक्रम ऐकला होता.

आई एरवी तो ऐकायची नाही. मुंगी दिवसभर लिफ्ट दुरुस्त करायची आणि आठवड्यातून एका संध्याकाळी रेडिओ केंद्रातल्या काडेपेटीएवढ्या खोलीत बसून एका अल्बमबद्दल तासभर बोलायची. कधी रॉक, कधी हिप हॉप. रॉकवाले म्हणायचे, ही बडबड कसली वाजवतेस. हिप हॉपवाले म्हणायचे, या केस वाढवलेल्या म्हाताऱ्यांचं कौतुक अजून किती दिवस. मुंगी दोघांनाही भीक घालायची नाही. अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत, लावलेल्या क्रमाने, मध्ये न उठता ऐकायचा आणि मग तोंड उघडायचं, असा तिचा दंडक होता. वर्षाच्या शेवटी ती आपले दहा आवडते अल्बम सांगायची, आणि तो कार्यक्रम मात्र एरवी न ऐकणारेही ऐकायचे.

यंदा पहिला आला 'ओलं सिमेंट'. तीन बायकांचा रॉक बँड, अल्बम पोहण्याच्या रिकाम्या तलावात रेकॉर्ड केलेला. ड्रमचा प्रत्येक तडाखा भिंतीवर आपटून परत येतो तोवर गाणं पुढे पळालेलं असतं. "यांना घाई आहे, आणि ती घाई खरी आहे," मुंगी म्हणाली होती. दुसरा 'तिसरी पाळी', कारखान्यात खोकी भरणाऱ्या एका पोरीचा हिप हॉप अल्बम. अख्ख्या अल्बममध्ये पाहुणा गायक नाही. मशीनच्या ठेक्यावर एकटी बोलत राहते, आणि धाप लागली तर ती धापही तशीच ठेवते. असे करत दहा झाले. तिथे थांबायचं होतं. मुंगी थांबली नाही.

"आणि जो या दहांत नाही त्याबद्दल," ती म्हणाली. "बऱ्याच जणांनी विचारलंय, भोंगाचा अल्बम का नाही. भोंगा माझा सख्खा भाऊ आहे, हे आधीच सांगते. आवाज छान आहे, शब्दांवर पकड आहे. पण ज्या 'खुर्ची' गाण्यावर तुम्ही सगळे रडताय, ते गाणं खोटं आहे. आमचे वडील गेले तेव्हा तो तिथे नव्हता. जे उशाशी बसले नाहीत त्यांनी 'बसलो' म्हणू नये."

काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने घाईघाईने जाहिरात लावली होती.

भोंगाने फोन केला नाही, निरोप पाठवला नाही. मग एका संध्याकाळी आत्याचा फोन आला. आत्या मोठ्या इस्पितळातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेली. निवृत्तीनंतर वॉर्ड गेला, आवाज राहिला.

"रविवारी जेवायला ये. आमंत्रण नाही, हुकूम आहे. तुझा भाऊ त्यानंतरच्या शनिवारचा जलसा रद्द करतोय. गाणंही काढून टाकतो म्हणे सगळीकडून. तुझी आई इथे माझ्या चादरी रोज धुतेय, मळलेल्या नसताना. मला हे घर पुन्हा शांत हवंय."

"आई काय म्हणते?"

"काही म्हणत नाही. तेच तर."

*

दार काकांनी उघडलं. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, शाळेत गणित शिकवणारे. तरुणपणी दोघा भावांचा बँड होता. काका गिटारवर, बाबा ड्रमवर. एक अल्बम निघाला आणि बँड मोडला. काकांच्या डाव्या हाताची बोटं अजूनही बोलता बोलता हवेत तारा दाबायची.

"ये, वाघीण!" काका म्हणाले. "अख्ख्या घराण्यात खरं बोलणारी एकच. बापावर गेलीस."

"हळू बोल," आतून आत्या म्हणाली. "वाघिणीची आई आहे घरात."

आई स्वयंपाकघराच्या ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून काकड्या चिरत होती. मुंगीने "आई" म्हटलं. आईने मान वळवून पाहिलं, "बारीक झालीस का?" विचारलं आणि पुन्हा चिरायला लागली. आवाजात राग नव्हता. तेच मुंगीला जास्त लागलं. ती उगाच फ्रिज उघडून पाण्याची बाटली घेऊन आली, एक घोट प्याली, बाटली टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली.

आत्याचं घर तिच्यासारखंच, एक वस्तू जास्तीची नाही. घडीचं टेबल भिंतीपासून ओढून मध्ये आणलेलं. पाच ताटं. मुंगीने ती दोनदा मोजली. म्हणजे भोंगा येणार होता.

"मी तुझ्या बाजूने आहे हो," काका खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. "पण एक सांग, मुळात त्या पोराच्या अल्बमवर बोलायचंच कशाला? ते गाणं आहे का? एका दमात पाढे म्हटल्यासारखं बोलत सुटायचं. मी वर्गात रोज तेच करतो, मला कुणी टाळ्या देत नाही."

"काका, तुम्ही 'तिसरी पाळी' ऐका. मग बोला."

"ऐकलं. पहिलं गाणं."

"पहिलंच?"

"कळलं तेवढ्यात."

"नाही कळलं. पाचव्या गाण्यात तिची पाळी संपते. ती बाहेर येते, आणि मशीनचा ठेका बंद होतो. पहिली चार गाणी तुम्ही त्या आवाजात राहिला असाल तरच ती शांतता कानात घुसते. रॉकमध्ये आपण हे गिटार बंद करून करतो. तिने यंत्र बंद करून केलं."

"आपण म्हणालीस," काका खूश झाले. "मग आपला अल्बम कुठे आहे? इतक्या वर्षांत एकदाही तुझ्या दहांत आला नाही. बापाचा अल्बम, काकाचा अल्बम! नवव्या, दहाव्या नंबरावर तरी ठेवायचास."

"तिसऱ्या गाण्यात ड्रम मागे पडतात, काका."

"तो तुझा बाप वाजवत होता!"

"म्हणून तर ऐकू आलं."

काका हसले, पण ते हसू अर्ध्यावर विझलं. मुंगीला कळलं, आपण आणखी एक माणूस दुखावला. सवयच होती तिला. आवडलं तर भरभरून सांगायचं, नाही आवडलं तर तेवढंच स्पष्ट. बाबा गेल्यापासून तर ती कामावरून आली की कानांवर हेडफोन चढवायची ते जेवायच्या वेळी उतरवायची, आणि कधी तेव्हाही नाही. आई समोर बसून काही विचारायची, मुंगी एक कान मोकळा करून "हं?" म्हणायची, आई म्हणायची, "काही नाही, भाजी वाढू का?"

घंटी वाजली.

भोंगा आत आला तो हेल्मेट काखेत धरून. लहानपणी रडायचा तेव्हा चार घरं ऐकू जायचं, म्हणून काकांनी ठेवलेलं हे नाव त्याने पुढे मोठ्या अक्षरांत पोस्टरवर छापलं. पण आत्ता तो नुसतं "आत्या" म्हणाला आणि तेही ऐकू आलं न आलं. आईपाशी जाऊन तो तिच्या खांद्याला टेकून क्षणभर उभा राहिला. मुंगीकडे त्याने पाहिलं नाही.

"बसा सगळे," आत्या म्हणाली. "आधी जेवा. उपाशी माणसं वाईट भांडतात."

जेवण कसलं, भांड्यांचे आवाज. आत्या दोन-तीनदा काहीतरी बोलली: खालच्या मजल्यावरचा नळ गळतो, बाजारात टोमॅटो कडक येतात. कुणी हुंकार दिला, कुणी नाही. शेवटी भोंगानेच चमचा ठेवला.

"शनिवारचं रद्द केलंय, आत्या. हॉलवाल्याला कळवलं. आज गाणंही काढतो."

"का?" आत्या म्हणाली.

"ताई म्हणाली ना खोटं आहे. जलशाला अर्धे लोक तेच ऐकायला येणार होते. आता मी तिथे उभा राहून 'बसलो' म्हटलं की समोरचा प्रत्येक माणूस मनात म्हणणार, कुठे बसलास बाबा?"

"तेच मी म्हटलं," मुंगी म्हणाली. "आणि तेच म्हणायला हवं होतं."

"घरी म्हणायचंस."

"घरी तू असतोस कुठे? बाबा आजारी होते तेव्हाही नव्हतास. आत्ता ये, उद्या ये, किती फोन केले मी! तू दौऱ्यावर. आलास तो सगळं आटोपल्यावर. आणि आता म्हणे, खुर्चीत बसलो, नखं कापली, एकेक नख रुमालात गोळा केलं. कुणाची नखं कापलीस तू? बाबांची? त्यांचे हात तू शेवटचे कधी पाहिले होतेस?"

"मुंगे," आत्या म्हणाली.

"नाही, बोलू दे अक्का," काका म्हणाले. "बरोबर बोलतेय ती. तो पोरगा आपल्या भावाच्या मरणावर टाळ्या घेतोय."

"काका, मी कधी म्हटलं मी होतो?" भोंगा म्हणाला.

"'बसलो' म्हणालास," मुंगी म्हणाली.

"गाण्यात म्हणालो! गाण्यातला 'मी' म्हणजे मीच असतो का? तुझ्या त्या आवडत्या रॉकवाल्या बायका एका गाण्यात बुडालेलं जहाज आहेत. त्यांना विचारलंस का कधी बुडालात म्हणून?"

"त्या जहाजाला घरचे लोक नाहीत! तुझ्या गाण्यातली नखं खरी आहेत, रुमाल खरा आहे, खिडकीला लावलेला तो जुना शर्ट खरा आहे. मी पाहिलाय तो शर्ट. हे सगळं तुला कुठून—"

ती थांबली. हा प्रश्न तिने आजवर स्वतःला विचारलाच नव्हता. रागाच्या भरात राहूनच गेला होता.

"मी सांगितलं," आई म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. आई ताटातल्या काकडीच्या चकत्या एकावर एक रचत होती.

"तो रोज संध्याकाळी फोन करायचा. नंतर. वर्षभर करत होता. म्हणायचा, आई, त्या दिवशी काय झालं ते सांग. आधी मी टाळलं. मग थोडं सांगितलं. मग रोज थोडं थोडं. नखं मीच कापली. ह्यांची नखं वाढली होती, नर्सला वेळ नव्हता, आणि मला काहीतरी हातात काम हवं होतं. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून शर्ट मीच बांधला. त्या खुर्चीत मीच बसले होते. दुसरं कुणी नव्हतं."

काकांची बोटं टेबलावर थांबली होती. मग त्यांनी मान वळवली ती सरळ भोंगाकडे.

"म्हणजे वहिनींनी सांगितलं, आणि तू 'बसले'चं 'बसलो' केलंस? एक अक्षर बदललं की झालं तुझं?"

"काका, मी मुलगा आहे, मी गातो, मग 'बसले' कसं—"

"कसं म्हणजे? तोंडाने!" आत्याचा वॉर्डातला आवाज बाहेर आला. "मी आजवर तुझ्या बाजूने होते. पण ही बाई तिथे जन्मभराचं बसली, आणि तू तिला तिच्याच खुर्चीतून उठवलंस?"

"मी तिला विचारलं होतं! आई, विचारलं होतं ना?"

"विचारलं होतं," आई म्हणाली. "मी म्हटलं, कर हवं तसं. मला वाटलं, काय फरक पडतो."

"मग?"

"मग ऐकलं तेव्हा पडला."

भोंगाचा चेहरा उतरला. आत्याने त्याच्या पाठीवर हात ठेवला. आत्ताच झापलं होतं, तरी ठेवला. मुंगीला वाटलं, आता आपली बाजू उजवी ठरली. गाणं खोटं होतं, आपला कान चुकला नव्हता. ती म्हणालीसुद्धा, "म्हणजे मी जे म्हटलं—"

"तू थांब," आई म्हणाली. ती पहिल्यांदाच थेट मुंगीकडे पाहत होती. "मी घरातून निघाले ते त्याच्यामुळे नाही. तुझ्यामुळे निघाले. तू रेडिओवर सांगितलंस, तो तिथे नव्हता. बरोबर आहे. पण कोण होतं, ते नाही सांगितलंस. त्याच्या गाण्यात निदान कुणीतरी बसलं होतं. तू ती खुर्ची रिकामीच करून टाकलीस. सगळ्या लोकांसमोर."

मुंगीने पाण्याची बाटली पुन्हा उचलली. झाकण ती फिरवत राहिली, लावत आणि काढत.

"वहिनी," काका हळूच म्हणाले, "तुम्हाला गाणं आवडलं का, ते तरी सांगा."

"मला काय कळतंय, भाऊजी."

"कळतंय तेवढं सांगा."

आईने थोडा विचार केला. "अल्बममधलं चौथं गाणं चांगलं आहे. बसस्टॉपवरच्या म्हाताऱ्याचं. त्यात हा स्वतःला शहाणा समजत नाही. सहावं आणि सातवं सारखंच आहे, एक चाललं असतं. शिव्या आहेत, असू देत, पण दोन ठिकाणी त्या उगाच आहेत, शब्द सापडला नाही म्हणून घातल्यासारख्या. आणि ढोल फार आहे."

"तो बेस असतो, आई," भोंगा म्हणाला.

"जे काय असेल ते. फार आहे. 'खुर्ची'त तो कमी आहे, म्हणून ते गाणं मला पुरं ऐकवलं. ते चांगलं आहे रे. मी सांगितलं त्याहून चांगलं सांगितलंयस. म्हणून जास्त वाईट वाटलं. सगळं माझं होतं आणि मीच कुठे नव्हते."

मुंगी थक्क होऊन ऐकत होती. सहावं आणि सातवं सारखं आहे, हे तिच्याही मनात आलं होतं. शिव्यांचं आलं नव्हतं. आईने हा अल्बम कधी ऐकला? कशावर ऐकला? ज्या घरात आपण कानांवर हेडफोन लावून बसलो होतो त्याच घरात, शेजारच्या खोलीत?

"शनिवारी गा," आई भोंगाला म्हणाली. "हॉलवाल्याला पुन्हा फोन कर. पण 'बसले' म्हण."

"यमक बसणार नाही, आई. पुढची ओळ त्याच्यावर आहे."

"नको बसू दे."

भोंगा ओठ हलवून मनातल्या मनात ओळ म्हणून पाहू लागला, अडला, पुन्हा सुरुवातीला गेला. मग एकदम त्याने मान वर केली.

"ताई, दुसऱ्या कडव्याबद्दल तू काहीच बोलली नाहीस."

"कसल्या?"

"'खुर्ची'च्या दुसऱ्या कडव्याबद्दल. कार्यक्रमातही नाही, आत्ताही नाही. मला वाटलं होतं, निदान त्याच्यासाठी तू फोन करशील." तो तिच्याकडे निरखून पाहत होता. "तू ते ऐकलंस ना?"

मुंगीने बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

"पहिल्यापासून शेवटपर्यंत," काका अभावितपणे पुटपुटले.

"रुमालापर्यंत ऐकलं," मुंगी म्हणाली. "पुढे नाही ऐकवलं. बंद केलं."

ती वाट पाहत होती की आता सगळे तुटून पडतील. कुणीच पडलं नाही. ते जास्त अवघड होतं.

"आई, तू सांग ना," ती म्हणाली. "त्या दिवशीचं. मला तूच सांग. मी ऐकते."

आईने मान हलवली. "नाही गं. एकदा सांगताना वर्ष गेलं. आता पुन्हा नाही होणार माझ्याच्याने. ते सगळं त्याच्यात घातलंय मी. तिथूनच ऐक."

*

आत्याच्या झोपायच्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसून मुंगीने गाणं लावलं. पहिलं कडवं तिने दात आवळून ऐकलं. 'बसलो' म्हटलं की ती मनात 'बसले' म्हणायची, आणि आश्चर्य म्हणजे तेवढ्याने गाणं वेगळंच झालं: त्या उतावळ्या, दाटलेल्या तरुण आवाजामागे हळूहळू आईचा आवाज उभा राहिला, थांबत थांबत बोलणारा. रुमाल आला. तिने गाणं पुढे जाऊ दिलं.

दुसऱ्या कडव्यात ठेका जवळजवळ नव्हताच. दूरवर एक बारीक घंटा, इस्पितळाच्या लिफ्टची.

*घंटा वाजली, तो म्हणाला, आली का ती?
मी म्हटलं, आली, हात धुतेय, ग्रीस लागलंय हाती.
घंटा वाजली, तो म्हणाला, आली का ती?
मी म्हटलं, आली, दारात आहे, चपला काढती.*

असं पाच-सहा वेळा. दर वेळी घंटा, दर वेळी तोच प्रश्न, दर वेळी आई काहीतरी नवं सांगते: पाणी पितेय, डॉक्टरांशी बोलतेय, जिना चढून आली म्हणून दमलीये. शेवटी घंटा वाजते आणि कुणी काही विचारत नाही. घंटा आणखी दोनदा वाजते. गाणं संपतं.

पुढचं गाणं आपोआप सुरू झालं, मोठ्या ढोलाचं. मुंगीला ते बंद करायचंही सुचलं नाही. ती उभी राहिली, बसली, खिडकीपर्यंत गेली, परत आली. खाली कुणीतरी गाडी धूत होतं. तिला पळत सुटावंसं वाटत होतं आणि कुठे ते कळत नव्हतं.

दार लोटून आई आत आली. तिने फोन उचलून न्याहाळला, ढोल कसा बंद करायचा ते तिला सापडलं, आणि ती पलंगावर मुंगीशेजारी बसली. बाहेर काका भोंगाला म्हणत होते, "यमक सोड, ठेका धर. 'बसले'वर एक मात्रा थांब. हां. आता पुढची ओळ उशिरा घे, तुझा बाप तिसऱ्या गाण्यात घ्यायचा तशी," आणि भोंगा अडखळत तसं म्हणून पाहत होता.

"मी त्यांना खोटं सांगत होते," आई म्हणाली. "आली, आली म्हणून. त्यांना बरं वाटत होतं. नंतर मला वाटायचं, तुला कळलं तर तुला राग येईल."

मुंगीने नाही अशी मान हलवली.

"मी माझं बोलून मोकळी झाले," आई म्हणाली. "फोनवर का होईना, झाले. तू त्या दिवशीचं कधी काही बोलली नाहीस. इतक्या लोकांच्या गाण्यांबद्दल बोलतेस. कुठे होतीस गं तू?"

"कामावर."

"ते ठाऊक आहे मला. कामावर कुठे?"

मुंगीने बोलायला तोंड उघडलं आणि तिला जाणवलं की हे वाक्य आपण कधीच, कुणापुढेही म्हटलेलं नाही. ते कुठून सुरू करायचं तेही तिला माहीत नव्हतं.

"त्या उंच इमारतीत," ती म्हणाली. "बँकेच्या मागच्या. दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत दोन बहिणी. म्हाताऱ्या. मी खाली लिफ्टच्या खड्ड्यात उतरले होते, तिथे फोन लागत नाही. त्या घाबरल्या होत्या म्हणून मी खालून त्यांच्याशी बोलत होते. मग त्यातली एक विनोद सांगायला लागली. एकदम चावट विनोद, आई, असल्या वयाच्या बाईच्या तोंडी न शोभणारे. दुसरी तिला गप्प करत होती. आणि मी खाली हसत होते. पाना हातातून पडला इतकी हसत होते." तिने मनगटाने नाक पुसलं. "तिकडे घंटा वाजत होती आणि मी हसत होते गं."

आईने तिचा हात हातात घेतला, उलटा करून तळवा पाहिला, नखांच्या कडांना बसलेली काळी रेघ अंगठ्याने घासली. बराच वेळ ती घासत राहिली.

"मग?" ती म्हणाली. "निघाल्या का त्या बाहेर?"

"निघाल्या."

"दोघी?"

"दोघी. एकमेकींशी भांडत निघाल्या."

"बरं झालं," आई म्हणाली.